पायाखालची पट्टी

५ ऑगस्ट, मंगळवार

आज ताईने सूर न घेताच गाणं उचललं — आणि आम्ही तिघांनी मिळून तिला तोंडावर पाडलं.

मामांच्या शेडमध्ये तालीम होती. मामा दिवसभर तिथे कपाटं बनवतात आणि संध्याकाळी तिथेच ड्रम्स वाजवतात, त्यामुळे आमच्या प्रत्येक वाद्यात भुसा. प्रोफेसर कीबोर्डवर फुंकर मारत बसला होता. ताई खुर्चीतून उठली, डोळे मिटले आणि वाऱ्याचं गाणं सुरू केलं. पहिल्या चार ओळी तिच्या एकटीच्या. मागच्या वर्षापर्यंत वीस वर्षं हे असंच — कुणी सूर द्यायचा नाही, तिचा तिने उचलायचा, आणि पाचव्या ओळीला आम्ही आलो की बरोब्बर जागेवर. लोक त्याच क्षणाला टाळ्या द्यायचे. आज पाचव्या ओळीला आम्ही आलो आणि — शी! एकावर एक दोन वेगळीच गाणी. मामांनी काठ्या खाली ठेवल्या.

"परत मीच चुकले का?" ताई म्हणाली.

प्रोफेसरने माझ्याकडे पाहिलं. मी पायाजवळच्या, माझ्या बास गिटारच्या पेडलकडे पाहिलं. मीच म्हणाले, "असू दे गं ताई, सूर घेऊन सुरू कर."

ती चुकली नव्हती. ते गाणं पांढरी सहा या पट्टीचं, ती पांढरी सहालाच होती. आम्हीच तीन पायऱ्या खाली होतो. माझ्यामुळे.

६ ऑगस्ट, बुधवार

कुणाला सांगता येत नाही, तर निदान इथे तरी धड लिहावं.

मागच्या वर्षी क्लबच्या कार्यक्रमात वाऱ्याच्या गाण्यातल्या शेवटच्या वरच्या सुराला ताईचा आवाज फुटला. भरल्या हॉलमध्ये! सर्दी झालेली, वय छप्पन्न, होतं असं. पण मागच्या खोलीत आरशासमोर बसून ती इतकी रडली की मला बघवेना. मोठी बहीण, पण मला तिनेच वाढवलंय. आई कामावर, माझी वेणी ताईने घालायची. बासवर बोटं कुठे ठेवायची तेही तिनेच शिकवलं. मला वाटलं, पट्टी जरा खाली घ्यावी. पण तिला सांगायचं कसं? "पट्टी उतरवली की समजावं, बाई संपली" — हे तिचंच वाक्य, दुसऱ्या कुणा गायिकेबद्दल. आणि न सांगता खाली वाजवावं, तर ती माझी बोटं बघते. हे गाणं मोकळ्या तारेवर सुरू होतं हे तिला पाठ आहे. बोट दुसरीकडे गेलं की चोरी पकडली!

तेव्हा आठवलं ते माझं जुनंच पेडल. एका डब्यात पन्नास करामती. त्यातली एक अशी की बोटं जिथल्या तिथे ठेवायची आणि आवाज तेवढा खाली उतरतो. लॅपटॉपवर त्याचं सॉफ्टवेअर आहे, त्यात सगळं चित्रासारखं दिसतं — हा चौकोन ओढा, इथे टाका, उणे एक लिहा, सेव्ह करा. पेडलच्या मागून एक वायर प्रोफेसरच्या कीबोर्डला. मी पाय दिला की तोही तेवढाच उतरतो. प्रोफेसर गणित शिकवतो. त्याला ही युक्ती इतकी आवडली की म्हणाला, "वा! सुंदर!" गाढव. मी त्याच्याहून मोठी गाढव. मामांना अजूनही पत्ता नाही.

पहिल्याच तालमीत प्रोफेसरने काहीतरी निमित्त काढून आधी सूर दिला, आणि ताईने वरचा सूर हसत हसत घेतला. "बारके, गळा परत आला गं!" घट्ट मिठी मारली. त्या मिठीपायी मी पुढे आणखी दोनदा पट्टी उतरवली. तिच्या मानेची शीर जरा ताणलेली दिसली की मी लॅपटॉप उघडायची. उणे दोन. उणे तीन.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मामा म्हणाले, "पोरी, तुझा बास मागे पडतोय." पडणारच. पेडलला सूर उतरवायला डोळ्याचं पातं लवेल एवढा उशीर होतो. वर मी अ‍ॅम्पचा आवाज मुद्दाम मोठा ठेवते — माझ्या तारेचा खरा आवाज ताईच्या कानावर जायला नको. "वय झालं मामा माझं," असं हसून टोलवलं.

प्रोफेसरने ताईला सूर दिला. तिने औषध घ्यावं तसा मुकाट्याने घेतला.

१० ऑगस्ट, रविवार

ताई वरच्या मजल्यावर कपड्यांच्या घड्या घालत गात होती. छतातून सगळं खाली माझ्या खोलीत ऐकू येतं. वाऱ्याचं गाणं, पहिल्या चार ओळी. मी बास घेतला, पेडल न जोडता, आणि मोकळी तार हळूच छेडली.

तंतोतंत! वर्षभर खोटं कानात ओतलं तरी बाईचा सूर केसभर हललेला नाही.

वरून हाक आली, "कसली तार वाजवतेस गं?"

"काही नाही, लावतेय नुसती!"

१२ ऑगस्ट, मंगळवार

तालीम रद्द केली आणि ताईबरोबर कानाच्या डॉक्टरकडे गेले. तिनेच वेळ घेतली होती, मला न सांगता. काचेच्या खोलीत तिला बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली होती. डॉक्टर म्हणाले, "कान उत्तम आहेत. या वयात असे कान मी फार कमी पाहिलेत."

मला हुश्श झालं. ताईचा चेहरा मात्र उतरला. जिन्यात कठडा धरून थांबली.

"कान चांगले आहेत. म्हणजे बिघाड इथे आहे." तिने कपाळावर बोट ठेवलं. "आईचं असंच सुरू झालं होतं, बारके. तिला रस्ते चुकायला लागले. मला सूर चुकायला लागलेत."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं! बाहेर काय पडलं? "ताई, चहा घेऊ या का?"

१३ ऑगस्ट, बुधवार

प्रोफेसरला फोन केला. ताईची आईसारखं होण्याची भीती त्याला सांगितली. म्हणाला, "आत्ता सांगितलंस तर ती आपल्याला उभं जाळेल. ते परवडलं. पण मग मंचावर उभीच राहणार नाही, त्याचं काय? चौदा सप्टेंबरला क्लबचा कार्यक्रम आहे."

मग मीच अक्कल पाजळली. सॉफ्टवेअरमध्ये एका पायरीचे, म्हणजे अर्ध्या सुराचेही, शंभर भाग करता येतात. थोडं थोडं वर न्यायचं! तिला कळणारही नाही. कार्यक्रमापर्यंत सगळं मूळ जागी — जणू काही झालंच नव्हतं. प्रोफेसरने तिथल्या तिथे हिशेब मांडला: तीनशे भाग, नऊ तालमी, दर तालमीला तेहेतीस.

खूप दिवसांनी पोटभर जेवले.

१८ ऑगस्ट, सोमवार

कामावर, चष्म्याच्या दुकानात घोळ घातला. दोन गिऱ्हाइकांच्या काचा मीच घासल्या, मीच फ्रेममध्ये बसवल्या आणि मीच अदलाबदल केली. एक बाई आठवड्याने परत आली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती बिचारी शरमून म्हणाली, "मला वाटलं, माझेच डोळे बिघडले."

मालक म्हणाले, "बाई, लक्ष कुठे असतं हल्ली?" मी मशीनकडे तोंड करून उभी राहिले. बराच वेळ रिकामीच मशीन चालवली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दुसरी पायरी. सहासष्ट भाग वर आलो. ताईने सूर घेतला, भुवई जराशी चढली, पण गायली. प्रोफेसरने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. मला तो अंगठा मोडावासा वाटला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

नको ते झालं.

मंगळवारी प्रोफेसरने दिलेला सूर ताईने तीन दिवस घोकला होता! शाळेत शिकवताना, रस्त्यात, भांडी घासताना. "माझी जुनी जागा गेली तर गेली, नवी पाठ करते," असं ठरवून. लहान पोराने पाढा घोकावा तसा! आणि आज ती ऐटीत उभी राहिली. म्हणाली, "आज सूर नको देऊस, मला येतो." मंगळवारचाच सूर लावला, अगदी बरोबर लावला. आणि आम्ही तेहेतीस भाग वर.

"मंगळवारी इथेच होता," ती म्हणाली. "प्रोफेसर, इथेच होता ना रे?"

प्रोफेसर चष्मा पुसत राहिला. मामा म्हणाले, "अगं, भुशाने कान बुजलेत सगळ्यांचे." कुणी हसलं नाही. ताई अर्धवट झालेल्या एका कपाटाच्या फळीवर बसली आणि दोन्ही हात मांडीत घट्ट धरून बसून राहिली.

२३ ऑगस्ट, शनिवार

तेहेतीस भाग! कुणी फासावर दिलं तरी कमीच आहे मला.

२६ ऑगस्ट, मंगळवार

ताईने तालमीआधी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं: चौदा सप्टेंबर शेवटचा कार्यक्रम. त्यानंतर गाणं बंद.

मामा ओरडले, "वेड लागलंय का तुला?"

"लागायच्या आत उठते," ताई म्हणाली. "अब्रू आहे तोवर उठावं."

घरी येताना ती अगदी शांत होती. कोपऱ्यावरच्या छपाईच्या दुकानाशी थांबून म्हणाली, "एक सांगून ठेवते. मी आईसारखी झाले, तर मला कुणासमोर गायला लावू नकोस. लोक मजा बघतात. आईला आपण नाव विचारायचो ना सारखं सारखं? पाहुण्यांसमोर? तसं करू नकोस."

मी "हो" म्हणाले. 'हो' म्हणाले मी! जीभ कशी झडली नाही?

२८ ऑगस्ट, गुरुवार

वर नेण्याचा खुळेपणा पुरे. निदान सूर एका जागी तरी राहू दे, म्हणून लॅपटॉप उघडला, जुनं उणे तीन परत लावायला. सॉफ्टवेअर म्हणालं, आधी नवी आवृत्ती घ्या. घेतली. मग त्याने विचारलं — पेडलमधलं लॅपटॉपवर आणू की लॅपटॉपवरचं पेडलमध्ये पाठवू? डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाने विचार केला असता. मी दाबलं. लॅपटॉपवर नव्या आवृत्तीत काहीच नव्हतं. तेच 'काहीच नाही' पेडलमध्ये गेलं. सात वर्षांचे आवाज, जमवलेले, घोटलेले — सगळे साफ. पन्नास जागा, पन्नासही कोऱ्या.

आधी रडले. मग पेडल कोरंच ठेवून बास जोडला आणि मोकळी तार वाजवली. पांढरी सहा. खोटं सगळं आपोआप पुसलं गेलं होतं. देवाने दार उघडून दिलं होतं, आता फक्त बाहेर पडायचं!

आणि ताई वरचा सूर चुकली तर? शेवटच्या कार्यक्रमात? परत आरशासमोर?

पाच मिनिटांत पहिल्या बटणावर उणे तीन परत बनवलं. दुसऱ्या बटणावर शून्य ठेवलं, कीबोर्डच्या वायरसकट. ते कशासाठी ठेवलं, मला माहीत नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

सूर आता हलत नाही. ताईला तो सापडला, हसली, मामांना म्हणाली, "आज डोकं बरं आहे." मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं.

७ सप्टेंबर, रविवार

चिठ्ठी लिहिली. तीन पानं. फाडली. दुसरी एका ओळीची लिहिली. तीही फाडली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

शेवटची तालीम. मामांनी शेड झाडून लख्ख केली होती, पहिल्यांदाच. ताईने प्रत्येकाच्या वाद्याला हात लावला. माझ्या बासच्या गळ्यावर बोट फिरवून म्हणाली, "तुझी बोटं किती स्वच्छ चालतात गं. मी शिकवलीत." मग खाली पेडलकडे बघून म्हणाली, "हे डबडं मात्र मला कधी कळलं नाही."

१४ सप्टेंबर, रविवार

जमेल तसं लिहिते.

सकाळी अकराचा कार्यक्रम. हॉल भरलेला. सगळी गाणी खालच्या पट्टीत नीट पार पडली, लोक खूश. शेवटी वाऱ्याचं गाणं. प्रोफेसरचं बोट सूर द्यायला कीबोर्डच्या पट्टीवर गेलं आणि ताईने हात वर केला.

"आज सूर नको," ती माइकमध्येच म्हणाली. "हे माझं शेवटचं गाणं. माझं मी उचलते. चुकले तर ही मंडळी सांभाळून घेतील." लोक हसले, टाळ्या झाल्या.

आणि तिने लावला. पांढरी सहा. एक ओळ. दोन ओळी. माझा उजवा पाय दोन बटणांच्या मध्ये. पहिलं उणे तीन — तसंच राहू दिलं तर पाचव्या ओळीला भरल्या हॉलमध्ये ती 'चुकणार', आणि घरी जाऊन आईसारखी होण्याची वाट बघत बसणार. दुसरं शून्य — मग शेवटी तो वरचा सूर तिच्या मानगुटीवर. तिसरी ओळ. प्रोफेसर माझ्या पायाकडे बघत होता, पांढराफटक. चौथी.

मी शून्य दाबलं.

पाचव्या ओळीला आम्ही आलो ते बरोब्बर तिच्या सुरावर. मामांना काही माहीत नव्हतं, पण त्यांच्याही काठीला जोर चढला. ताईने डोळे उघडले. आधी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे. मग समोर बघून गायली — काय गायली! वर्षभर हा आवाज कुठे होता?

आणि शेवटचा सूर आला, आणि फुटला. मागच्या वर्षीपेक्षाही वाईट. चर्रकन. मी डोळे मिटून घेतले.

ताई हसली! माइकमध्ये, खळखळून! "फुटला!" म्हणाली, आणि तीच ओळ खालून फिरवून घेऊन गाणं संपवलं. लोक उभे राहिले.

मागच्या खोलीत तिने माझे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले. "फुटला गं बारके! पण जागेवर फुटला! ऐकलंस ना तू? जागेवर! गळ्याचं काय, गळा म्हातारा होतो. कान शाबूत आहे माझा!" आरशाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

म्हणजे ज्या गोष्टीला मी वर्षभर भीत होते, तिचं आज तिला काहीच नव्हतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळीच ताई खाली आली. "काल पाय कशाला दिलास तिथे?"

मी लॅपटॉप उघडला आणि सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. ती मध्ये एकदाही बोलली नाही. मग म्हणाली, "वाजव." उणे एक, उणे दोन, उणे तीन — प्रत्येकावर मोकळी तार वाजवायला लावली आणि प्रत्येकावर स्वतःच्या चार ओळी गाऊन पाहिल्या, तिच्या खऱ्या पट्टीत. प्रत्येक वेळी दोन सूर एकमेकांना चावत होते, आणि ती मान हलवत होती. मामा कपाटाचा सांधा तपासताना हलवतात तशी.

"आणि मंगळवारचा सूर शुक्रवारी नव्हता, ते?"

"तेहेतीस भाग."

"म्हणजे मी बरोबर होते."

"हो."

"वर्षभर."

"हो ताई."

"डॉक्टरांच्या जिन्यात मी आईचं बोलले. तेव्हा तुला माहीत होतं."

मी लॅपटॉपचं झाकण लावलं.

"चहा घेऊ या म्हणालीस," ती म्हणाली आणि वर गेली. दार आपटलं नाही. कडी लावल्याचा आवाज मात्र आला. आमच्याकडे दिवसा कुणी कडी लावत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

वर सामसूम.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

तालमीचा वार. मला कुणी बोलावलं नाही. प्रोफेसर फोन उचलत नाही. मामांनी उचलला, एवढंच म्हणाले, "पोरी, मलाही सांगितलं नाहीस?" आणि ठेवला.

२१ सप्टेंबर, रविवार

वरून गाणं ऐकू आलं. वरचा सूर. फुटला. परत घेतला. परत फुटला. मी खुर्ची सरकवली, तेवढ्या आवाजाने थांबलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

ताई आली. आत आली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली.

"गाणं सोडत नाहीये मी. पुढच्या महिन्यात कार्यक्रम घेतलाय. पट्टी एक पायरी उतरवलीय. मी उतरवलीय. आणि मंचावरून सांगणार आहे तसं लोकांना."

मी कोपऱ्यातल्या बासकडे हात केला. "ताई, बास..."

"बासला दुसरी एक बाई येतेय. तिच्याकडे डबडं नाही."

"आणि मी?"

"तू पहिल्या रांगेत बस," ती म्हणाली. "पाय मला दिसतील असे ठेव."